निपाणीला नववा पुठ्ठा शोधताना

निपाणी काही लांब नाही. वडगावातून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथं पोचतो, आणि मनात आलं तर दिवेलागणीला घरी परत. एवढ्याशा वाटेचं कोण कशाला लिहील? पण मला ती वाट धरायला सात महिने लागले, आणि तिथं चार दिवसांत जे बघितलं ते ह्या वयात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. म्हणून लिहितो. शिक्षण माझं चौथी. चुका होतील.

निघायच्या आधी

माझी बायको सुशीला तिच्या बहिणीकडे, कमलकडे, निपाणीला गेली होती. चार दिवसांसाठी. तिथंच परसात बसल्या जागी गेली. मी वडगावात मागावर होतो. पॉवरलूमच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. शेजारचा भरमाण्णा धावत आला आणि त्यानं मागाचा खटका पाडला, तेव्हा मला कळलं.

तेराव्याला घर भरलेलं. भरमाण्णा सगळ्यांसमोर म्हणाला, "सेहेचाळीस वर्सं एका घरात काढलासा. ती गेली त्या येळेला तुला आतनं काय तरी झालं असंलच की रं! माझा बा गेला तवा आईला बाजारात दरदरून घाम सुटलता."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "व्हय. उभा धागा तुटला. काही कारण नसताना."

हे खोटं होतं. एक धागा तुटला नव्हता. त्या सकाळी माग इतका छान चालला होता की मी गुणगुणत होतो. पण बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या, आणि तो धागा वडगावभर झाला. चहाच्या टपरीवर लोक मला जागा द्यायला लागले. मला मात्र झोप नाही. सेहेचाळीस वर्षांचा संसार, आणि ती जाताना मला एवढंसुद्धा जाणवू नये? मग आम्ही एकमेकांचे होतो की नुसते एका छपराखाली होतो? आणि तिनं हाक मारली असेल तर? मी गुणगुणत होतो.

त्याच तेराव्याला कमलची मुलगी अश्विनी माझ्याजवळ येऊन बसली होती. ती बेंगळूरला एका प्रयोगशाळेत काम करते. हळूच म्हणाली, "काका, माझं कामसुद्धा जोड्यांचंच आहे. माणसांच्या नाही, उजेडाच्या कणांच्या. दोन कण लांब लांब नेले तरी त्यांचं जुळतं." एवढंच बोलली आणि उठून गेली. ते वाक्य माझ्या डोक्यात सात महिने राहिलं. अश्विनी रजेवर आली आहे असं कळलं तेव्हा मी सुशीलाच्या साड्या पिशवीत भरल्या. बहिणीच्या साड्या बहिणीला द्यायच्या, असं सगळ्यांना सांगितलं. तेही अर्धंच खरं.

संकेश्वर

बस संकेश्वरला थांबली. वाळत घातलेल्या मिरच्यांचा आणि उसाच्या मळीचा असे दोन्ही वास एकदम आले. मी चहाला उतरलो. चहावाल्यानं कपात साखर टाकायला हात सोडला तो सोडलाच. मी म्हटलं, "बाबा, कारखाना जवळ आहे म्हणून सगळी माझ्याच कपात घालतोस काय?" तो हसतोय तोवर मागून कोणी तरी ओरडलं, "अज्जा, बस होयतु री!" म्हणजे बस गेली. वळून बघतो तर खरंच गेलेली. माझी पिशवी आत.

चहावाला कन्नडमधून मराठीत आला. "काय होतं पिशवीत?"

"बायकोच्या साड्या."

"मग बायको धरंल की पिशवी."

"ती न्हाई."

त्या माणसानं पुढं एक शब्द विचारला नाही. कंडक्टरचा नंबर शोधून काढला, त्याच्याशी भांडला, आणि मला म्हणाला, "निपाणी स्टँडावर उतरवतोय पिशवी. कोणाला तरी पाठवा." मी कमलला फोन केला. चहाचे पैसे तो घेईना. एवढा गोड चहा जन्मात प्यालो नव्हतो, पण सगळा प्यालो.

निपाणी, पहिला दिवस

म्हणजे माझ्याआधी सुशीलाच्या साड्या निपाणीला पोचल्या. मी स्टँडावर उतरलो तेव्हा कमल पिशवी पोटाशी धरून बाकावर बसली होती.

"या दाजी," ती म्हणाली. "सामान शहाणं, माणूस येडं."

निपाणीला तंबाखूचा वास असतो. तिथल्यांना विचारलं तर म्हणतात कुठं काय. आमच्या वडगावला मागाचा आवाज असतो, आम्हीही म्हणतो कुठं काय. जेवायला भाकरी, वांग्याचं भरीत आणि खरडा. खरडा असा की डोळ्यातून आलेलं पाणी कशाचं हे कोणी विचारू नये. मी नेलेला खव्याचा कुंदा कमलनं वाटीत काढला. तिचे यजमान सहा वर्षांपूर्वी वारले. घरात ती एकटीच, आणि आता रजेपुरती अश्विनी.

न्हाणी परसाच्या पलीकडे. परसातून जाताना मी मान खाली घातली, येताना पण खालीच. कमलनं बघितलं. 

संध्याकाळी अश्विनीला म्हटलं, "ते जोडीचं सांग."

तिनं मोबाईलवर एक फोटो दाखवला. खडीसाखरेच्या खड्याएवढा एक स्फटिक. "ह्याच्यात उजेडाचा एक कण शिरला की कधी कधी त्याचे दोन होऊन बाहेर पडतात. एक इकडं जातो, एक तिकडं. मग आम्ही दोघांना वेगवेगळ्या जागी प्रश्न विचारतो. तीनच प्रश्न आहेत, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. उत्तरं दोनच, हो नाहीतर नाही. दोघांना एकच नंबर विचारला, की उत्तर एकच येतं. दर वेळी."

मला हसू आलं. "ह्यात काय नवल गं? आमच्या गल्लीत दोन घरांत दोन माग असतात, आणि साडीवर मोर तोच निघतो. जेकार्डचे पुठ्ठे सारखे लावले की झालं. पुठ्ठ्याला भोक असलं की धागा उचलतो, कोरा असला की न्हाई. तुझे कण निघतानाच सारखे पुठ्ठे घेऊन निघत असतील."

मला वाटलं पोरगी गप्प होईल. तर तिनं टाळी वाजवली. "काका, मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पण हेच वाटलं होतं! आता पुठ्ठे करा. उद्या खेळून बघू."

दुसरा दिवस

जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापले. प्रत्येकावर तीन जागा. पोत्याच्या दाभणानं भोकं पाडली. तरुणपणी मी हाच धंदा केलाय, मोर, कोयरी, रुईफूल, सगळे पुठ्ठे हातानं मारलेत. एकेक पुठ्ठा दोन प्रतीत केला, एक माझा, एक कमलचा.

कमल स्वयंपाकघरात, मी बाहेर सोप्यात. अश्विनी मध्ये उंबऱ्यावर. आम्हाला एकमेकांची उत्तरं ऐकू न येता तिला दोघांना नंबर विचारायचे होते, म्हणून ती बोटं दाखवायची आणि आम्ही पाटीवर लिहायचो, भोक की कोरा. दर खेपेला नवा पुठ्ठा. एकच नंबर आला की उत्तर जुळायचं, एकदाही चुकलं नाही.

"हे झालं," अश्विनी म्हणाली. "आता दुसरी अट. वेगवेगळे नंबर विचारले, तर माझ्या कणांची उत्तरं चारातून एकदाच जुळतात. तीनदा उलटी येतात. तेवढं करून दाखवा."

आम्ही खेळलो. चारातून एकदा काही होईना. जास्तच वेळा जुळायचं. मी पुठ्ठे बदलले. कमल कंटाळली. "दाजी, माझी डाळ लागंल."

मग मला एक युक्ती सुचली. पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि कमलच्या कानात सांगितलं, मला जितवा नंबर येईल तितक्यांदा मी खोकेन, तुझा नंबर वेगळा असला तर माझ्या उलटं उत्तर दे. परत बसलो. आणि काय सांगू, जमायला लागलं! उत्तरं हवी तशी उलटी पडायला लागली. तीन नंबरला मी तीनदा खोकलो तेव्हा अश्विनी पाटी घेऊन उभी राहिली.

"काका! खोकू नका!"

"दम्याचा त्रास आहे."

"नंबराप्रमाणे दमा लागतो व्हय?" कमल आतनं हसत बाहेर आली. तिला लपवता येत नाही, बहिणीसारखंच.

अश्विनीही हसली, पण मग तिनं जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "खोकला पोचला तर कोणीही जिंकेल काका. म्हणून आम्ही दोन कण एवढे लांब नेतो आणि प्रश्न इतक्या शेवटच्या क्षणाला ठरवतो, की एकाकडून दुसऱ्याकडे खोकला सोडा, उजेडसुद्धा वेळेत पोचू नये. उजेडापेक्षा जलद निरोप जात नाही. आणि तरी चारातून एकदाच."

मी पेटलो. जेवणानंतर सगळे पुठ्ठे फरशीवर मांडले. तीन जागा, प्रत्येक जागी भोक नाहीतर कोरा. मांडून मांडून आठच पुठ्ठे होतात. नववा होत नाही. तीन भोकांचा किंवा तीन कोऱ्यांचा घेतला तर उत्तर कायम जुळतं, ते आपल्या उपयोगाचं नाही. राहिले सहा. त्या सगळ्यांत दोन जागा सारख्या आणि एक वेगळी. होणारच, जागा तीन आणि जात दोनच. म्हणजे एक-दोन, दोन-तीन, एक-तीन अशा तीन जोड्या लावल्या तर एक जोडी जुळतेच. तीनातून एकदा. त्याच्या खाली जाता येत नाही. पुठ्ठे कसेही पिसा, कितीही मारा.

आणि तिचे कण चारातून एकदा.

तीनातलं एक आणि चारातलं एक, फरक किती? पण मागावर तेवढ्या फरकानं आख्खी साडी वाया जाते. मी उलटसुलट मोजलं. चार वाजता चहा आला तो थंड झाला. मग माझ्या अंगावर काटा आला. मोजण्यात चूक नव्हती. त्या कणांकडे पुठ्ठा नव्हताच. निघताना त्यांनी काही ठरवलं नव्हतं, वाटेत काही निरोप नव्हता, आणि तरी एक नंबराला एक नंबर दर वेळी जुळत होता. साडीवर मोर आहे, दोन्ही घरांत आहे, आणि पुठ्ठा कुठंच नाही! पन्नास वर्षं विणलं, असा मोर मी बघितला नाही.

"अश्विनी," मी म्हटलं, "हे खरं आहे?"

"खरं आहे. मी स्वतः मोजलंय. पहिल्यांदा आकडा आला तेव्हा मी पण प्रयोगशाळेच्या बाहेर जाऊन पायरीवर बसले होते."

तवंदी घाट

संध्याकाळी तिनं स्कूटरवर मला तवंदी घाटात नेलं. वर डोंगराच्या कडेला उभं राहिलं की खाली सगळी निपाणी पसरलेली दिसते, तंबाखूची हिरवी रानं, मध्ये हायवे. ऊन तिरकं पडलं होतं. पानापानावर उजेड वेगळा. पन्नास वर्षं मी उजेडात काम केलं, धाग्याचा रंग बघायला खिडकीशी नेला, पण उजेडाकडे असं कधी बघितलं नव्हतं.

मी विचारलं, "हे जुळणं येतं कुठनं?"

"सुरुवात जन्मात आहे," ती म्हणाली. "एका ठिकाणी, एका वेळी, एकातून दोन झाले. पण तेवढ्यानं भागत नाही. जुळी भावंडं पण एकत्र जन्मतात, ती आपापले पुठ्ठे घेऊन जातात. ह्यांचं असं आहे की गणितात दोघांचं मिळून एकच लिहिलेलं असतं. एकट्याचं वेगळं लिहायला गेलं तर लिहिण्यासारखं काही उरतच नाही."

"नक्षीसारखं. ती उभ्या धाग्यात नसती, आडव्यात पण नसती."

"जवळ आलात. पण तुमचे उभे-आडवे एकमेकांना टेकतात. हे टेकत नाहीत. एक इथं आणि एक समजा तुमच्या वडगावात."

"आणि असं का?"

"माहीत नाही. माझ्या सरांना माहीत नाही, त्यांच्या सरांनाही माहीत नव्हतं. होतं एवढं माहीत आहे."

एवढी शिकलेली पोरगी, माहीत नाही म्हणताना तिचा आवाज देवळात बोलल्यासारखा झाला होता. मला ते फार आवडलं. आमच्याकडे माहीत नसलं की लोक आवाज चढवतात.

मग मी ज्याच्यासाठी आलो होतो ते विचारलं. "वडगावातल्या कणाला कळतं का? निपाणीतल्याला काय झालं ते?"

ती माझ्याकडे वळली. "नाही. त्याच्या जागी काय दिसतं? भोक, कोरा, कोरा, भोक. नाणं उडवल्यासारखं. दुसऱ्याला काही विचारलं की नाही, तो आहे की गेला, ह्याची इथं खूण नसते. कितीही बारीक बघितलं तरी नसते. नंतर दोन्हीकडच्या वह्या एका टेबलावर आणायच्या, ओळीला ओळ लावायची. तेव्हाच दिसतं."

"तोवर कायच न्हाई?"

"काहीच नाही. आणि काका, हे माणसाला लावू नका. आमच्या कणांची जोडी टिकवायला जीव जातो, जरा कशाला धक्का लागला की मोडते. माणसाचं असं काही नसतं."

"मी माणसाचं कुठं विचारलं?"

"तुम्ही तेच विचारायला आलाय."

खालून ट्रक चढत होते.  मी म्हटलं, "न्हाई लावत. पण एवढं सांग. जगात ह्याच्यापेक्षा पक्की जोडी तुला माहीत आहे?"

"नाही."

"आणि त्यातल्या एकालाही आपल्या जागी काही जाणवत न्हाई."

"नाही."

"मग काही जाणवलं न्हाई, म्हणून जोडीच नव्हती, असं म्हणता येत न्हाई."

तिनं लगेच हो म्हटलं नाही. विचार केला. शिकलेल्या माणसानं माझ्या बोलण्यावर एवढा विचार केलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"तेवढं खरं आहे," ती म्हणाली. "तेवढंच. पण तेवढं अगदी खरं."

तिसरा दिवस

सकाळी अश्विनी कोल्हापूरला मैत्रिणीकडे गेली. मी आंघोळ करून परसातून येताना थांबलो, आणि मान वर केली. शेवग्याचं झाड, कपडे धुवायचा दगड, भिंतीला लागून कट्टा. एवढंच. सात महिने मी काय काय रंगवलं होतं.

कमल साड्यांची पिशवी घेऊन बाहेर आली आणि कट्ट्यावर बसली.

"दाजी, एक विचारू? तो धागा खरंच तुटला होता?"

"न्हाई."

"मला वाटलंच." तिनं एक साडी काढून मांडीवर उलगडली. "आमचे गेले तवा मी ह्या भिंतीच्या पलीकडं भाकऱ्या थापत होते. एक भिंत मधे. मला तरी कुठं कळलं? उलट मीच ओरडले, जेवायला या म्हणून बोंबलते, ऐकू येत न्हाई व्हय? दोनदा ओरडले." ती साडीची घडी बघत राहिली. "हे मी कोणाला सांगितलं न्हाई."

माझं खोटं मात्र आता सगळ्यांना सांगून टाकतो. भरमाण्णा, तू हे वाचशील किंवा तुझा नातू वाचून दाखवील. धागा तुटला नव्हता.

मग जे सात महिने विचारायला घाबरत होतो ते विचारलं. "कमल, तिनं मला हाक मारली काय?"

"न्हाई ओ."

"खरं सांग."

"खोटं कशाला सांगू? इथंच बसलीती. शेवग्याच्या शेंगा निवडत होती. अकराला मी पाणी आणायला आत गेले, आले तर मान अशी भिंतीला टेकलेली. मला वाटलं डुलकी लागली. हातात शेंग तशीच. ना हाक, ना काय. तुमचं नाव सकाळपासून एकदाच निघालं, ते पण तुम्ही गिझर बंद करायला विसरता म्हणून."

मी कट्ट्यावर बसलो. तिनं हाक मारलीच नव्हती. मग ऐकायची राहिली कुठली! रडू आलं, आणि कमलनं रडू दिलं. तिनं डोळे पुसायला पदर पुढं केला नाही, पाणी आणलं नाही, नुसती बसून राहिली.

नंतर मी म्हटलं, "त्या दिवशी ती उठल्यापासून सांग. काय खाल्लं, काय बोलली, सगळं. मी माझं सांगतो."

"त्यानं काय होणार दाजी?"

"काय न्हाई. दोन्हीकडचं एका जागी कधी मांडलंच न्हाई आपण."

तिनं सांगायला सुरुवात केली. सहाला उठली, तेव्हा मी अजून अंथरुणात. तिनं चहात आलं जास्त घातलं म्हणून कमलशी वाद घातला, तेव्हा मी आल्याशिवायचा केला, कारण आलं कुठं ठेवलंय ते मला सापडलं नव्हतं. ती देवाला फुलं काढायला गेली, मी मागाला तेल घातलं. तिनं उपमा अर्धा ठेवला. मी शिळ्या भाकरीचा कुस्करा खाल्ला. नवाला ती कमलच्या शेजारणीला आमच्या अश्विनीचं कौतुक सांगत होती, मला काही त्या वेळचं आठवेना, कमल म्हणाली आठवा, आठवलं तर भरमाण्णा तंबाखू मागायला आला होता. दहाला ती शेवग्याखाली येऊन बसली. मी हिरव्या साडीचा काठ सुरू केला. साडेदहाला ती कमलला म्हणाली की ऊन छान आहे, इथंच बसू. मी गुणगुणत होतो.

"काय गुणगुणत होता?" कमलनं विचारलं.

मी तिला म्हणून दाखवलं. आवाज लागत नव्हता, तरी सगळं म्हटलं. मग आम्ही अकराकडं वळलो.